करचे नाल्यापलीकडची नवरी

लिंगथंग, १४ मार्च १९८६

प्रिय अंगरूप,

तुझ्या लग्नाची तारीख निघाली. लामांनी पोथी उघडली, चहा प्यायले, पोथी मिटली, पुन्हा चहा प्यायले आणि एप्रिलची अकरा सांगितली. मी म्हटलं, जूनमधलं काही बघा ना, तोवर रोहतांग घाट उघडतो, मुलगा बसने घरी येईल. तर म्हणाले, जूनमध्ये तुझे ग्रह तोंड फिरवून बसतात ते थेट पुढच्या वसंतापर्यंत. तेव्हा एप्रिल पक्का आणि तू मनालीलाच राहणार हेही पक्कं.

वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याकडे नवऱ्यावाचून लग्न अडलंय का कधी? बहीण असली म्हणजे झालं. तुझं पागोटं मी बांधीन, नवरदेवाचा बाण हातात घेईन आणि दोरचंगला जाऊन पल्मोला घेऊन येईन. पागोटं बांधून बघितलं. आमा म्हणाली, तुझ्यापेक्षा मलाच शोभतं.

आमाला दोन काळज्या आहेत. एक ती दिवसभर बोलून दाखवते: तू हट्टाने घाट चालत ओलांडशील. दुसरी बोलत नाही, पण संध्याकाळी दारात उभी राहून करचे नाल्याकडे बघत बसते. दोरचंगला जायला तोच एक रस्ता, आणि तो बरोबर नाल्याच्या पोटातून जातो.

आता तुला कामाचं विचारते. फेब्रुवारीत नाला एकदा उतरला. बर्फ थेट नदीपर्यंत गेलं, रात्रभर भांडी हलत होती. आगू फुंचोक म्हणतात, झालं, यंदापुरता रिकामा झाला, आता खुशाल वरात काढा. काका म्हणून त्यांचा शब्द कोण मोडणार? पण मी रोज गच्चीवरून बघते. वरची वाटी तर पांढरीफेक भरलेली दिसते. रिकामा झाला म्हणतात तर मग ते काय आहे? तू पगार घेऊन बर्फ खणतोस, तूच सांग. आणि आवाजाने बर्फ खाली येतं का? आगूंना नगारा न्यायचाच आहे, आणि शेजारची डोल्कर म्हणते की तिथे शिंकलं तरी मेलो.

तुझी आचे,
छिमे

---

सोलंग, २७ मार्च १९८६

प्रिय आचे,

डाकवाला लुदर काल घाट उतरून आला, तेव्हा तुझं पत्र मिळालं. पागोटं तुला शोभतं हे आमाने मला कळवायची काही गरज नव्हती.

तुझा प्रश्न बरोबर आहे आणि आगूंचं उत्तर चूक, पण हे त्यांना माझ्या नावाने सांगू नकोस. आम्ही इथे सोलंगच्या वर उतारावर माणूसभर खोल खड्डा खणतो आणि त्याची भिंत ब्रशने साफ करतो. मग एकेका हिमवर्षावाचा थर वेगळा दिसतो, घरात घोंगड्यांची चवड असते तसा. काही थर घट्ट, काही साखरेसारखे सुटे. फेब्रुवारीत नाल्यातून आलं ते वरचं नवं बर्फ. खालची चवड तशीच आहे. आता ऊन वाढलं की वरचं वितळतं, पाणी आत झिरपतं आणि एखाद्या घट्ट थरावर येऊन साचतं. मग वरचा सगळा भार त्या ओल्या थरावरून सटकतो. कधी तर जमिनीपासूनच सुटतो. हा वसंतातला बर्फलोट फेब्रुवारीच्या लोटासारखा धुरळा उडवत येत नाही, चिखलासारखा जड येतो. झाडं, दगड, काही सोडत नाही. तेव्हा नाला यंदा पुन्हा येणार, असं धरून चाल.

आवाजाचं डोल्करला सांग, पोटभर शिंक. आमच्याकडे कधीकधी तोफगोळा टाकून बर्फ पाडतात, पण ते पडतं धक्क्याने, आवाजाने नाही. नगारा वाजवा. फक्त नगाऱ्याभोवती घोळका करून नाल्यात उभे राहू नका, कारण बर्फाला माणसांचं वजन कळतं.

पहाटे जा. रात्री बर्फ गोठून दगड होतं, तोवर ते वरचा भार धरून ठेवतं. नाल्यात ऊन आलं का एवढंच बघू नकोस. वरच्या वाटीवर ऊन तुमच्या आधी पोचतं, आणि बर्फ तिथून सुटतं. एकेकाने ओलांडायचं, बाकीच्यांनी कडेला थांबून जाणाऱ्यावर नजर ठेवायची. पाठीवरच्या ओझ्याच्या दोऱ्या सैल ठेवायच्या, म्हणजे वेळ आली तर ओझं झटकता येईल. मधे थांबायचं नाही, पाणी प्यायला नाही आणि आगूंना तपकिरीची नस ओढायलाही नाही.

आचे, खरं सांगू? मी आलो तर यातलं काहीच तुला लक्षात ठेवावं लागणार नाही. मढीहून अपरात्री निघायचं, उजाडताना घाटमाथा, आणि ऊन चढायच्या आत पलीकडे खोकसर. लुदर जातोच ना. स्वतःच्या लग्नाला बहिणीला बर्फातून पाठवायचं आणि आपण इकडे शेगडीजवळ बसायचं, हे मला पटत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
अंगरूप

---

लिंगथंग, ५ एप्रिल १९८६

प्रिय अंगरूप,

पहिली गोष्ट. तू येणार नाहीस. लुदर घाट ओलांडतो कारण त्याला घाट रोज दिसतो, तुझ्यासारखा वर्षातून दोनदा नाही. कोठी गावाच्या वर पाय टाकलास तर पल्मोला आणायला मी जाणार नाही, मग बस ग्रह मोजत. ही धमकी आहे असं आमाने लिहायला सांगितलंय.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा खटला निकाली निघाला. डोल्कर आणि मी नाल्याच्या अलीकडच्या कडेला उभ्या राहिलो आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. तिने तिच्या नवऱ्याला दिल्या तेवढ्या शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. बर्फ हललं नाही. नवरा मात्र खालच्या शेतात होता, त्याने सगळं ऐकलं.

मी आणखी एक करून बघितलं. दुपारी उतारावर मळलेल्या कणकेच्या उंड्याएवढा बर्फाचा गोळा टाकला. तो घरंगळत गेला तसा चाकासारखा वाढत गेला आणि खाली पोचेपर्यंत आपल्या चुलीएवढा झाला. सकाळी तसाच टाकला तर टणटण उड्या मारत गेला, राईएवढाही वाढला नाही. हे का होतं ते तुझं पत्र वाचल्यामुळे कळलं. इतकी वर्षं याच उताराखाली राहते आणि कधी बघितलं नव्हतं, याचं मलाच नवल वाटलं.

आता खरी अडचण ऐक. लामांनी निघायची वेळ काढली ती भर दुपारची, आणि तू तर म्हणतोस पहाट. मी गोम्प्यात जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाल्याबद्दल बरंच विचारलं. मग मीच म्हटलं, नऊ तारखेच्या दुपारी ठरल्या वेळी बाण आणि माझे बूट दाराबाहेर नेऊन ठेवले, तर प्रस्थान झालं की नाही? म्हणाले, झालं. मग पाय दुसऱ्या दिवशी पहाटे गेले तर चालेल? हसले आणि म्हणाले, पायांबद्दल पोथीत काही नाही. आगू मात्र फुगलेत. वरात अंधारात चोरासारखी काढायची का, म्हणून विचारतात.

तर दहाला पहाटे जाणार, अकराला दोरचंगला लग्न, बाराला पहाटे नवरी घेऊन परत. बाराला दिवस मावळायच्या आत तिने आपला उंबरा ओलांडायचा आहे, त्यात मात्र लामा काही सूट देत नाहीत.

तुझं पत्र मी पाठ केलंय. पहाटे जायचं, एकेकाने जायचं, दोऱ्या सैल सोडायच्या, थांबायचं नाही. तू काळजी करू नकोस.

आचे

---

मढी, ११ एप्रिल १९८६, संध्याकाळ

प्रिय आचे,

ऑफिसच्या कामाने मढीच्या चौकीवर आलोय. इथलं बर्फ मोजायचं होतं, म्हणून.

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. लुदर शेजारीच बसलाय, तो आज रात्री निघत नाही म्हणतो आणि त्याचं बरोबर आहे. तरीही लिहितोय, कारण न लिहिता बसवत नाही.

दुपारनंतर ढग आले. पश्चिमेकडून आले, खाली उतरले आणि आता घाटावर झाकण घातल्यासारखे बसलेत. तुमच्याकडेही असणारच. वारा नाही, गारवा नाही. चौकीच्या छपरावरून अजून पाणी गळतंय.

मी तुला लिहिलं की पहाटे जा. का, तेही लिहिलं: रात्री गोठतं म्हणून. पण ते गोठतं आकाश निरभ्र असलं तर. दिवसाची ऊब रात्री उघड्या आकाशात निघून जाते, तेव्हा बर्फ दगड होतं. ढग असले की ते घोंगडीसारखे ती ऊब खाली दाबून धरतात. मग पहाट नुसती नावाची पहाट. उजाडताना बर्फ आदल्या दुपारइतकंच कच्चं असतं, उलट रात्रभर आणखी पाणी पिऊन बसलेलं. अशा सकाळी माणूस बिनघोर निघतो, कारण घड्याळ बरोबर असतं.

उद्या पहाटे निघू नकोस. टाच रोवून बघ. बूट वरच राहिला तर जा. घोट्यापर्यंत गेला तर विचार कर, गुडघ्यापर्यंत गेला तर परत फीर. मुहूर्त चुकू दे, लोक हसू देत. कोणी वाट बघत असेल तर बघू दे. उशिरा आलेल्या माणसाला घरात घेतात.

हे मी आधीच लिहायला हवं होतं. लुदर म्हणतो, झोप आता.

अंगरूप

---

लिंगथंग, १६ एप्रिल १९८६

प्रिय अंगरूप,

तुझं लग्न झालं. बायको घरात आहे, आत्ता आमाला लोकर पिंजायला मदत करतेय आणि पिंजता पिंजता शंभर गोष्टी विचारतेय. आम्ही सगळे नीट आहोत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

जाताना काही झालं नाही. रात्र चांदण्यांची होती, बर्फावर बूट वाजत होते, एकेक करून ओलांडलं. आगू मुद्दाम मधे थांबून नस ओढणार होते. मी पलीकडून अशी हाक मारली की डबी खिशात गेली. अकराला लग्न झालं. दोरचंगच्या बायकांनी मला काजळाने मिशा काढल्या आणि नवरा फार देखणा आहे म्हणून गाणी म्हटली. तू असतास तर एवढं कौतुक झालं नसतं.

बाराला अंधारातच निघालो, आभाळ भरलेलं होतं. छंग भरपूर पिऊन झाली होती, मंडळी जडावली होती, पण मी सगळ्यांना उठवलं. नाल्याच्या कडेला आलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. पलीकडच्या काठावर आमा आणि गावची माणसं स्वागताला येऊन उभी राहिलेली अंधुक दिसत होती. मी म्हटलं, वेळेवर आलो. ओझ्यांच्या दोऱ्या सैल करायला लावल्या, सगळ्यांना ओळीत उभं केलं. पहिली मी जाणार होते. बाण पाठीला बांधला.

तेवढ्यात पल्मोने माझी बाही धरली. नवरीची लाज म्हणून दोन दिवस ती धड बोललीही नव्हती. हळूच विचारलं, "आचे, आपण पहाटेच का जातोय?"

मी म्हटलं, रात्री बर्फ गोठतं, म्हणून.

"पण काल रात्री गोठलं का? पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. माहेरची शेवटची रात्र, मला झोप नव्हती. सकाळपर्यंत ठिबकत होतं."

अंगरूप, मी तुझं पत्र पाठ केलं होतं. पहाट पाठ होती. पहाट कशासाठी, ते वाचलं होतं, समजलंही होतं, आणि तरी त्या क्षणी डोक्यात नव्हतं. मी कडेच्या बर्फात पाय टाकला. गुडघ्यापर्यंत गेला आणि बुटात पाणी शिरलं.

मी म्हटलं, थांबायचं. त्यावर जो गोंधळ झाला तो तू कल्पनेने समजून घे. आगू म्हणाले, मुहूर्त चुकेल, पलीकडे माणसं ताटकळलीत, शेदोनशे पावलांचा रस्ता आहे. म्हणाले, दोन दिवस पहाट पहाट करून आमचं डोकं खाल्लंस, आता पहाट झाली तर ती चालत नाही. आणि ते खरंच बोलत होते. शेवटी सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बघा, लग्नाला दिवस उलटला नाही आणि नवरा बायकोचं ऐकायला लागला."

मी म्हटलं, "नवरा मीच आहे ना आगू? मग नवरा सांगतोय, थांबायचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मिशा अजून पुसल्या नव्हत्या, त्याचाही उपयोग झाला असेल. मग ते एका दगडावर पाठ फिरवून बसले. आम्ही मागे वळून शेळ्यांच्या रिकाम्या गोठ्यात गेलो आणि चूल पेटवली. मी पलीकडे हात हलवून परत जा म्हणून सांगत होते. आमाला काही कळत नव्हतं, ती आणखी पुढे यायला लागली. पलीकडून डोल्करने तिला ओढून मागे नेलं.

चहाला उकळी येत होती तेव्हा नाला आला. ऊन नव्हतं, वारा नव्हता, कोणी ओरडलं नव्हतं. मला वाटलं होतं गडगडाट होईल, तर आधी जात्यासारखी घरघर ऐकू आली. मग ते दिसलं. पांढरं नव्हतं, मातकट होतं, भूर्जाची झाडं उभीच्या उभी वाहत होती. सावकाश येतंय असं वाटत होतं, पण बघता बघता रस्ता राहिला नाही. आपल्या घराएवढे गोळे नदीत पडत होते आणि नदी थोडा वेळ थांबली.

आगू आत आले, टोपी काढली, किटली उचलली आणि चहाचा पहिला पेला स्वतःच्या हाताने पल्मोला दिला. त्यांच्याहून मोठी तीन माणसं तिथे बसलेली असताना. मग बाहेर जाऊन बराच वेळ नाक शिंकरत होते.

त्या रात्री ढग गेले, कडाका पडला. तेराला पहाटे मी टाच मारून बघितली, पल्मोने मारून बघितली, आगूंनी तर सगळीकडे मारून बघितली. मग एकेक करून त्या ढिगावरून अलीकडे आलो. लामा स्वतः काठावर येऊन उभे होते. मी मुहूर्ताचं विचारलं. त्यांनी ढिगाकडे बघितलं, पोथी काढलीच नाही, म्हणाले, घरी चला.

मला अजून एक कळत नाही. ढग असले की गोठत नाही, हे कसं? तुला ठाऊक असेल तर सविस्तर लिही. आणि तू तिकडे शेगडीजवळ बसलास त्याबद्दल शाबास. आमा रोज म्हणते, एक तरी पोर शहाणं निघालं.

आचे

---

लिंगथंग, ४ मे १९८६

अंगरूप,

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची हे अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

तुमचं अकरा एप्रिलचं पत्र काल आलं. घाट बंद होता आणि लुदरही मधे आजारी होता, म्हणून उशीर झाला. आचेने चुलीजवळ बसून मोठ्याने वाचलं. टाचेचं आलं तेव्हा सगळे हसले. मग आचे वाचता वाचता थांबली आणि रडायला लागली, तेव्हा पुढचं मी वाचलं. ढगांचं आता आम्हाला कळलं. आगूंना तर इतकं पटलंय की येणाऱ्या जाणाऱ्याला ते स्वतःचं म्हणून सांगतात.

मला वेगळंच काहीतरी विचारायचं आहे. तुमचा खड्डा सोलंगला. आचेला लिहिलेल्या सगळ्या पत्रांत सोलंगच आहे, मी काल सगळी वाचून काढली. मग लग्नाच्या दिवशी ऑफिसने तुम्हाला मढीला कशाला पाठवलं? मढीच्या पुढे घाटच आहे, दुसरं काही नाही.

आचेच्या हे लक्षात आलं नाही. ती तुमची बहीण आहे, तिला तुमच्यावर विश्वास ठेवायची सवय आहे. मला अजून कसलीच सवय नाही. म्हणून मी लुदरला चहा दिला, वर लोणी घातलं आणि विचारलं. दुसऱ्या पेल्यानंतर म्हणाला, तुम्ही चौकीवर दोन दिवस होता. पिशवीत लग्नात घालायचा नवा चोगा होता आणि माझ्यासाठी प्रवाळाची माळ. बाराला पहाटे, तो झोपेत आहे असं समजून तुम्ही एकटेच निघालात. तो मागून आला. पहिल्या वळणाच्या वर तुम्ही उभे होतात, एक पाय मांडीपर्यंत बर्फात. तसेच किती तरी वेळ उभे होतात म्हणे. मग पाय उपसलात, त्याच्या बाजूने खाली आलात आणि चौकीत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलात.

म्हणजे मी करचे नाल्यावर आचेची बाही धरली त्याच सकाळी. ते पत्र तुम्ही आम्हाला लिहिलं की स्वतःला, असं मला विचारायचं होतं. आता विचारत नाही.

मला खूप राग आला. रात्री झोप आली नाही, इतका. काही झालं असतं तर ज्या माणसाचा चेहरा मी बटाटे काढायच्या दिवसांत दोनदाच बघितलाय, त्याची विधवा म्हणून मी या घरात बसले असते, आणि आमाने माझ्याकडे कसं बघितलं असतं? पण खरं सांगते, रागाहून आनंद जास्त झाला. तुम्ही निघालात म्हणून झाला, आणि परत फिरलात म्हणून तर फारच.

आचेला आणि आमाला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. लुदरला मोजे विणून द्यायचं कबूल केलंय, तोही बोलणार नाही.

आता रस्ता उघडेपर्यंत खालीच राहा. सडकवाल्यांची यंत्रं परवा घाटातल्या राहनी नाल्यापर्यंत आली होती म्हणे. मी इथे विहिरीवर, गोम्प्यात, डोल्करकडे, सगळीकडे सांगून ठेवलंय की माझा नवरा शहाणा आहे, जूनमध्ये बसने येणार आहे. मला खोटं पाडू नका.

पल्मो